गळ्यात पंखा असलेले सरडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा लागला की माळावरच्या दगडावर बसून गळ्याचा रंगीत पंखा उघडमीट करणाऱ्या सरड्याचे फोटो सगळीकडे फिरू लागतात. त्यांच्यामागोमाग प्रश्नही येतात: हा आपल्याकडचाच का, रंग खरे आहेत की फोटोत भरलेले, आमच्या गावच्या माळावर दिसेल का? असे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सिताना आणि सारडा या दोन प्रजातींबद्दल हे पान आहे. प्रजाती म्हणजे जवळच्या नात्यातल्या अनेक जातींचा गट, या अर्थाने तो शब्द इथे वापरला आहे. बोलताना सगळे ‘फॅन-थ्रोट’ म्हणतात, म्हणून इथेही तेच.

फॅन-थ्रोट म्हणजे नेमका कोणता सरडा?

जमिनीवर राहणारा, दिवसा हिंडणारा, सडपातळ बांध्याचा छोटा सरडा. सितानाच्या बऱ्याच जातींत नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतचं शरीर जेमतेम चार-पाच सेंटिमीटर भरतं, शेपटी त्याहून बरीच लांब. सारडा अंगाने थोराड. रंग मातीचा, पाठीवर मधोमध गडद कडा असलेल्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या तपकिरी ठिपक्यांची रांग. बसला असेल तर पायाखाली येईपर्यंत दिसत नाही.

नराच्या गळ्याखाली कातडीची एक घडी असते. ती पंख्यासारखी पुढे उघडते आणि काही जातींत गळ्यापासून पार छाती-पोटापर्यंत पोहोचते. हे सरडे अ‍ॅगामिडी कुलातले. आपल्या कुंपणावरचा नेहमीचा सरडा आणि सह्याद्रीच्या जंगलात झाडावरून झाडावर तरंगत जाणारा उडता सरडा हेही त्याच कुलातले.

कुंपणावरच्या सरड्यापासून वेगळा कसा ओळखायचा?

नेहमीचा सरडा झुडपावर, कुंपणावर, झाडाच्या बुंध्यावर चढतो. त्याच्या मानेपासून पाठीवर काट्यांचा तुरा असतो आणि विणीच्या काळात नराचं डोकं-गळा लालभडक होतो. फॅन-थ्रोटला तसा तुरा नाही. तो जमीन फारशी सोडत नाही. चढला तर दगडावर, ढेकळावर, फार तर एखाद्या खुरट्या झुडपावर.

खात्रीची खूण मात्र मागच्या पायात आहे. बोटं मोजा. सिताना आणि सारडा यांच्या मागच्या पायाला चारच बोटं असतात, पाचवं नसतंच. नेहमीच्या सरड्याला पाच असतात. गळ्याचा पंखा मिटलेला असो, मादी असो की पिल्लू, ही खूण चुकत नाही. हल्ली मोबाइलच्या कॅमेऱ्यातही ती टिपता येते. फक्त फोटो वरून काढण्यापेक्षा बाजूने, जमिनीच्या पातळीवर येऊन काढायला हवा.

मोठमोठ्या खडकांवर बसणारा, विणीच्या काळात पाठ लाल किंवा पिवळसर आणि कडेने काळी होणारा सरडा दिसला, तर तो फॅन-थ्रोट नव्हे. तो खडकावरचा सरडा, सॅमोफिलस.

मादीलाही पंखा असतो का?

नाही.

एकूण जाती किती?

सारडाच्या तीन: सारडा डेक्कनेन्सिस, सारडा डार्विनी आणि सारडा सुपर्बा. सितानाच्या पंधराच्या आसपास. हा दुसरा आकडा मुद्दाम सैल ठेवला आहे. गेल्या काही वर्षांत तो इतक्यांदा बदलला आहे की आज ठाम लिहावं आणि उद्या खोडावं लागावं. शिवाय काही जातींच्या वैधतेवर अभ्यासकांचं एकमत नाही.

मग जुन्या पुस्तकांत एकच जात का दिलेली असते?

कारण जवळजवळ पावणेदोनशे वर्षं बहुतेकांनी तसंच धरलं होतं. फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए याने 1829 मध्ये सिताना ही प्रजाती आणि तिच्यातली सिताना पॉन्टिसेरियाना ही जात जगापुढे आणली. नमुना पुदुच्चेरीचा, म्हणून हे नाव. पुढे 1864 मध्ये ग्युंथर याने सिताना मायनर आणि 1870 मध्ये जेर्डन याने सिताना डेक्कनेन्सिस अशी नावं दिली, पण ती टिकली नाहीत. दोन्ही पुन्हा पॉन्टिसेरियानाच्या पोटात गेली. विसाव्या शतकभर गुजरातेतला असो, तामिळनाडूच्या किनाऱ्यावरचा असो की साताऱ्याच्या सड्यावरचा, गळ्यात पंखा आणि पायाला चार बोटं दिसली की लेबल एकच लागायचं.

आकारात, रंगात फरक दिसत नव्हता असं नाही. दिसत होता, पण ‘एकाच जातीतलं स्थानिक वैविध्य’ म्हणून सोडून दिला जायचा. नर वर्षातले थोडेच महिने रंगात असतात, मेल्यावर रंग उडतो आणि संग्रहालयातल्या बाटलीत सगळेच करडे दिसतात, हेही त्यामागचं एक कारण. बाटलीतला सरडा बघून निळा-केशरी पंखा आणि पांढरा पंखा यांतला फरक कळणार कसा?

पहिली मोठी फट नेपाळमधून पडली. श्लायख आणि केस्टले यांनी 1998 मध्ये तिथल्या तराई-शिवालिक भागातून सिताना सिवालेन्सिस आणि सिताना फुस्का या जाती वेगळ्या काढल्या. त्यानंतर श्रीलंकेतून देवकाई आणि बाहिरी या दोन जाती आल्या.

भारतातलं खरं वळण 2016 चं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले व्ही. दीपक आणि प्रवीण कारंथ, तसंच वरद गिरी आणि त्यांचे सहकारी यांनी द्वीपकल्पाच्या वेगवेगळ्या भागांतले सरडे गोळा केले. त्यांची शरीररचना, गळ्याचा पंखा आणि डीएनए अशा तिन्ही अंगांनी तुलना झाली. त्यातून पाच नव्या जाती निघाल्या आणि एक अख्खी नवी प्रजातीच वेगळी करावी लागली: सारडा. नाव आपल्या मराठीतल्या सरड्यावरूनच घेतलं आहे. जेर्डनच्या 1870 च्या डेक्कनेन्सिसला त्याच वेळी तिच्यात मानाची जागा परत मिळाली. म्हणजे जेर्डन बरोबर होता. फक्त ऐकून घ्यायला जवळपास दीड शतक गेलं.

डार्विनी हे नाव डार्विनवरून का?

डार्विनने 1871 मध्ये मानवाच्या उत्पत्तीवर लिहिलेल्या ग्रंथात लैंगिक निवडीची, म्हणजे जोडीदार मिळवण्याच्या चढाओढीतून घडलेल्या गुणांची, उदाहरणं देताना या सरड्याचा उल्लेख केला आहे. नराच्या गळ्याचा पंखा निळा, काळा आणि लाल असतो, हे रंग फक्त जोडीच्या हंगामात दिसतात आणि मादीला त्याचा मागमूसही नसतो, असं तो लिहितो. सोबत पंखा उघडलेल्या नराचं चित्रही आहे. त्याने हा सरडा सिताना म्हणून नोंदवला, पण निळा-काळा-लाल हे वर्णन आज वाचलं तर डोळ्यासमोर सारडाच उभा राहतो.

सिताना आणि सारडा यांत फरक काय?

माळावर उभं राहून बघायचं तर दोन गोष्टी: आकार आणि रंग. सारडाचे नर मोठे, पंखाही मोठा आणि झगझगीत: चमकता निळा, काळा आणि केशरी-लाल असे पट्टे एकाशेजारी एक. सितानाचा पंखा साधारण पांढरट किंवा फिकट पिवळसर असतो. काही जातींत त्यावर मधोमध निळी रेघ आणि कडेला केशरी छटा दिसते, काहींत तीही जेमतेम. पंख्याची लांबीही जातीगणिक बदलते. काहींत तो गळ्यापुरता, तर तामिळनाडूतल्या सिताना विसिरीत बराच मागेपर्यंत जाणारा. डीएनएच्या वंशावळीत सारडाची फांदी सितानापासून स्वतंत्र निघते, म्हणून प्रजाती वेगळी.

हे सरडे जगात कुठे कुठे सापडतात?

फक्त दक्षिण आशियात. भारत, नेपाळ आणि श्रीलंका हा मुख्य पसारा.

सिताना यांतली खरी पसरलेली प्रजाती. दक्षिणेकडून वर यायचं तर श्रीलंकेत देवकाई आणि बाहिरी. केरळात तिरुवनंतपुरमजवळच्या वाळूच्या किनारपट्टीवरून 2018 मध्ये सिताना अ‍ॅटेनबरोई नोंदवली गेली. नाव अर्थातच निसर्गावरच्या मालिकांचे निवेदक डेव्हिड अ‍ॅटेनबरो यांच्यावरून. तामिळनाडूच्या दक्षिण भागात, शेतं आणि किनाऱ्याच्या वाळूत, सिताना मरुधमनेयधल. तामिळनाडूतच विसिरी, आणि पूर्व किनाऱ्यावर मूळची पॉन्टिसेरियाना. आतल्या बाजूला कृष्णेच्या खोऱ्यात, नागार्जुनसागरच्या परिसरात, सिताना थोंडालू. उत्तर कर्नाटकात बेळगावच्या गोकाक भागातून गोकाकेन्सिस आणि बागलकोटकडून 2020 मध्ये धारवारेन्सिस. दख्खनच्या पठारावर लॅटिसेप्स. गुजरातेपासून राजस्थान, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राच्या काही भागांत स्पायनीसेफॅलस. पार उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी, नेपाळच्या तराईत, सिवालेन्सिस आणि तिच्या नात्यातल्या जाती.

एक मजा लक्षात घ्या. पॉन्टिसेरियाना ही एकेकाळी अख्ख्या उपखंडाची जात होती. आता तिच्या वाट्याला त्यातला एक लहानसा तुकडा उरला आहे. त्यामुळे जुन्या नोंदी वाचताना ‘सिताना पॉन्टिसेरियाना, पुणे’ असं काही दिसलं तर ते नाव आज तसंच्या तसं धरता येत नाही.

सारडाचा पसारा त्यामानाने इवलासा आहे. पश्चिम महाराष्ट्र आणि त्याला लागून उत्तर कर्नाटक, बस.

महाराष्ट्रात कोणत्या जाती दिसतात आणि कुठे?

दोन्ही प्रजाती असलेल्या मोजक्या प्रदेशांत महाराष्ट्र येतो, आणि ही आपल्याकडे म्हणावी तितकी माहीत नसलेली गोष्ट आहे.

सारडा सुपर्बाचं नाव साताऱ्याच्या चाळकेवाडीशी जोडलेलं आहे. ठोसेघरच्या वर, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्याही वर असलेलं हे जांभ्याचं सपाट पठार. आपण ज्याला सडा म्हणतो ते. वर माती नावाला, मध्ये मध्ये उघडा खडक, गवत गुडघ्याच्या आत. नर बसायला अशा दगडांची कमी नसते. डेक्कनेन्सिस आणि डार्विनी दख्खनच्या पश्चिम पट्ट्यात, महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमाभागाच्या दोन्ही बाजूंना.

सिताना मात्र घाटमाथ्याच्या पूर्वेकडे, पर्जन्यछायेच्या कोरड्या मुलखात शोधावा. गायरानं, मुरमाड टेकड्या, बांधाकडेची काटेरी झुडपं, कुसळी गवताची माळरानं. लॅटिसेप्स आणि स्पायनीसेफॅलस या आपल्याकडच्या जाती. शेत नांगरलेलं असलं तरी बांध आणि पड शाबूत असेल तर हे सरडे तग धरतात.

दाट जंगलात का दिसत नाहीत?

त्यांची सगळी राहणीच उघड्यावरची आहे. ऊन हवं, लांबवर दिसायला हवं, पळायला मोकळी जमीन हवी. गळ्याचा पंखा हे दुरून दिसण्याचं साधन; पानांच्या गर्दीत त्याचा काय उपयोग?

त्यामागे मोठा इतिहासही आहे. यांचे जवळचे नातलग, ऑटोक्रिप्टिस प्रजातीचे सरडे, श्रीलंकेत राहतात आणि त्यांची ओढ जंगलाच्या सावलीकडे आहे. दीपक आणि कारंथ यांनी 2018 मध्ये मांडलेल्या वंशावळीचा निष्कर्ष असा, की उपखंड कोरडा होत गेला, मायोसीन काळाच्या उत्तरार्धात (साधारण एक कोटी वर्षांपूर्वी) जंगलं मागे हटून उघडी झुडपी-गवताळ जमीन पसरली आणि त्या नव्या मोकळ्या मुलखात या सरड्यांच्या फांद्या फुटत गेल्या. म्हणजे आजची माळरानं ही काही जंगल तोडून झालेली अलीकडची उजाड जमीन आहे असं सरसकट धरणं चूक आहे. त्यातली कित्येक लाखो वर्षं जुनी आहेत आणि तिथले रहिवासीही.

शेजारच्या दोन जिल्ह्यांत वेगवेगळ्या जाती कशा काय?

छोटा प्राणी, छोटा टापू. हा सरडा उडत नाही, नदी ओलांडून जात नाही, दाट जंगलात शिरत नाही. एखादी मोठी नदी, ओलसर जंगलाचा पट्टा किंवा खोल दरी मध्ये आली की दोन्हीकडच्या सरड्यांची गाठभेट थांबते. पिढ्यान्‌पिढ्या असं चाललं की दोन्हीकडचे हळूहळू वेगळे होत जातात. त्यातून गळ्याच्या पंख्यासारखी गोष्ट, जिच्यावर मादीची पसंती आणि नरांची भांडणं दोन्ही अवलंबून, ती तर वेगळी व्हायला आणखी सोपी.

पंखा उघडतो कसा?

गळ्यात जिभेच्या मुळाशी हाडा-कूर्चांची एक चौकट असते. तिच्यातून मागे गेलेल्या लांब काड्या स्नायूंच्या ओढीने खाली झुकतात आणि त्यांच्यावर ताणलेली कातडी उलगडते. स्नायू सैल पडले की घडी पुन्हा गळ्याला चिकटते. हवा भरून फुगवण्याचा इथे संबंध नाही.

प्रत्यक्षात बघायला मिळालं तर क्रम असा दिसतो: नर उंचशा दगडावर येतो, पुढच्या पायांवर छाती उचलतो, मान वर करतो आणि पंखा भराभर उघडमीट करतो. इतका भराभर की डोळ्याला फक्त निळ्या-केशरी रंगाची थरथर जाणवते. मग थबकतो, अंग थोडं वळवून दुसऱ्या दिशेला तोंड करतो आणि पुन्हा तेच. चारही दिशांना आपली जाहिरात झाली की खाली उतरून एखादी मुंगी टिपतो आणि परत वर. समोरून दुसरा नर आला तर मात्र मामला पाठलागावर जातो, कधी चावाचावीवर.

अमेरिकेतल्या अ‍ॅनोल सरड्यांनाही असाच गळ्याचा पंखा असतो, पण ते वेगळ्या कुलातले. दोन्हीकडे तो स्वतंत्रपणे तयार झाला.

फोटोतले रंग खरे असतात की वाढवलेले?

सारडाच्या बाबतीत खरे. काही फोटोंत हात सैल सुटलेला असतो हेही खरं, पण मूळ रंगच असा आहे की वाढवायची गरज पडू नये. निळा हा रंगद्रव्याचा नाही. कातडीतल्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश परावर्तित होऊन तो दिसतो, म्हणून कोन बदलला की चमक बदलते. काळा आणि केशरी मात्र रंगद्रव्यांचे.

बघायला कधी जावं?

मार्च-एप्रिलपासून पाऊस सुरू होईपर्यंत. सकाळचं ऊन नीट तापलं की. भर पावसाळ्यात आणि हिवाळ्यात सरडे असतात, पण नराचा रंग ओसरलेला असतो आणि पंख्याचा खेळ बंद. माद्या जमिनीत उकरून अंडी घालतात आणि माती लोटून बुजवतात. पावसाच्या दिवसांत मिरवणारी इवलीशी पिल्लं ही त्याच अंड्यांतली.

पवनचक्क्यांमुळे यांची संख्या वाढली, हे खरं का?

हा प्रश्न बहुतेक वेळा चुकीच्या सुरात विचारला जातो, म्हणून उत्तर जरा सविस्तर.

चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या बऱ्याच वर्षांपासून उभ्या आहेत. भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर, तसंच अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी तिथे पवनचक्क्यांचा भाग आणि त्याच पठारावरचा पवनचक्क्या नसलेला भाग यांची तुलना केली. अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले. सरडे उचलणारेच पक्षी कमी झाले म्हटल्यावर सारडा सुपर्बाची दाटी तिथे जास्त होती. इथपर्यंतची बातमी सगळ्यांनी वाचली.

पुढचा भाग जास्त मोलाचा आहे. या दाटीतले सरडे माणूस जवळ आला तरी उशिरा पळत होते, म्हणजे त्यांची भीती कमी झाली होती. ताण दिल्यावर रक्तात वाढणारं कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरकही त्यांच्यात कमी. पण अंगाने ते रोडावलेले होते. तोंडं वाढली, किडे तेवढेच. आणि नरांच्या पंख्याचे रंग फिके पडले होते. वरच्या थरातला शिकारी काढून घेतल्यावर खालच्या थरात काय काय हलतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण आपल्या घराजवळ सापडणं विरळा. पवनचक्कीने इथे जणू वरच्या शिकाऱ्याची जागा घेतली.

तेव्हा ‘सरडे वाढले, म्हणजे पवनचक्की निसर्गाला चांगली’ असा अर्थ काढणाऱ्यांनी रोडावलेले आणि फिके पडलेले सरडेही हिशेबात धरावेत. आणि ‘म्हणून पवनऊर्जा नको’ असंही त्या अभ्यासाने म्हटलेलं नाही. चक्क्या कुठे उभ्या करायच्या, एवढा विचार मात्र त्यातून नक्की पुढे येतो.

विषारी असतो का? चावतो का?

विषारी अजिबात नाही. हातात धरला तर घाबरून चावायचा प्रयत्न करेल, त्याने काही होत नाही. पण धरायचाच कशाला?

खातो काय?

मुंग्या, वाळवी, भुंगेरे, छोटे नाकतोडे, कोळी. मुंग्यांचा वाटा मोठा. एका जागी बसून टेहळणी करायची आणि काही हललं की झेपावायचं, ही पद्धत. त्याला खाणारे त्याहून जास्त: तीसा, कापशी, खाटीक हे पक्षी, साप, मुंगूस आणि हल्ली माळावर सोडलेली कुत्री.

दोन पायांवर पळतो म्हणतात, ते खरं?

खरं. जीव घेऊन पळताना वेग वाढला की पुढचं अंग उचललं जातं आणि तो मागच्या लांब पायांवर धावतो, शेपटी मागे तोल सांभाळते. फार लांब नाही जात. काही अंतर तोडून झुडपाच्या बुडाशी एकदम थिजतो आणि मातीत मिसळून जातो. पाठलाग करणाऱ्याची नजर अजून पुढेच धावत असते.

यांना धोका कशाचा आहे?

शिकारीचा फारसा नाही. धोका जमिनीच्या नावाचा आहे. सरकारी दफ्तरात माळरानं, सडे, काटेरी झुडपांची रानं यांवर ‘पडीक’ असा शिक्का असतो. पडीक म्हटलं की ती ‘उपयोगात आणायची’ घाई सुरू होते: सौर प्रकल्प, औद्योगिक वसाहत, खाण, प्लॉट. आणि यांतलं काहीच नाही आलं तर वृक्षारोपण. ते करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, म्हणून सांगायला अवघड जातं. पण गवताळ माळावर खड्डे घेऊन ओळीने झाडं लावली की सावली पडते आणि उघड्यावरच्या सरड्याचं, माळटिटवीचं, धाविक पक्ष्याचं घर जातं. जिथे मुळात जंगल होतं तिथे झाडं लावा. माळावर माळच राहू द्या.

सितानाच्या पसरलेल्या जातींना सगळीकडून एकाच वेळी धक्का बसणार नाही. ज्यांचा टापूच लहान आहे त्यांचं तसं नाही. सुपर्बासारख्या जातीच्या मोजक्या सड्यांपैकी एक जरी गेला तरी तो तिच्या पसाऱ्याचा मोठा घास ठरतो.

फोटो काढायला जाताना काय पाळावं?

गाडी सड्यावर घालू नका, रस्त्याला ठेवा. चाकाखाली अंडी जातात आणि कोणाला कळतही नाही. नराला हुसकून ‘चांगल्या’ दगडावर बसवू नका, त्याचा दगड तो स्वतः निवडतो. दगड उलटे करू नका. एकाच नराभोवती आठ-दहा जण कोंडाळं करून झोपले तर त्याची अख्खी सकाळ वाया जाते, आणि त्याचा हंगाम मुळात काही महिन्यांचा. लांब बसा, हालचाल कमी ठेवा. थोड्या वेळाने तो तुम्हाला दगड समजायला लागतो आणि मग हवे तितके फोटो मिळतात.

पाळता येतो का?

नाही. पकडूही नये.

अजून नव्या जाती सापडतील का?

सापडत आहेत. 2020 ला धारवारेन्सिस, 2021 ला सुशिली. उपखंडाचे मोठे पट्टे असे आहेत की तिथले फॅन-थ्रोट कोणी नीट मोजून, डीएनए काढून पाहिलेले नाहीत. उलटही होऊ शकतं: दोन नावं एकाच जातीची निघून एक गळेल. वर्गीकरणात दोन्ही चालूच असतं.

माझ्याकडे फोटो आहे. त्यावरून जात सांगता येईल का?

प्रजाती बहुतेक वेळा सांगता येते. जात सांगायची तर ठिकाण आधी हवं. नुसतं ‘महाराष्ट्र’ लिहून भागत नाही. गाव, तालुका आणि जमलं तर मोबाइलवरचं अचूक स्थान. शेजारच्या दोन खोऱ्यांत दोन जाती असू शकतात हे वर आलंच आहे. त्यानंतर तारीख, कारण रंग हंगामाप्रमाणे बदलतो. फोटो निदान तीन हवेत: पंखा पूर्ण उघडलेला असताना बाजूने, पाठीची नक्षी दिसेल असा वरून, आणि डोक्याच्या मागच्या भागाचा जवळून. स्पायनीसेफॅलसच्या डोक्यावर मागे छोटे काटेरी खवले असतात, ते तिथेच दिसतात. मादीचा किंवा रंग उतरलेल्या नराचा फोटो असेल तर अनुभवी माणूसही ‘सिताना’ एवढंच लिहून थांबतो, आणि ते योग्यच आहे. तरीही आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळावर तो टाका. नाव नंतर कोणीतरी दुरुस्त करेल, ठिकाण आणि तारीख मात्र तुमच्याशिवाय कोणालाच लिहिता येणार नाही.